कुत्र्याचा कबुलीजबाब

"अडतीस वर्षें मुलांना शिकविलेंत, आणि आतां बोलावयास विषय मिळाला तो कुत्र्याचा?" हें भाषण लिहावयास बसलों तेव्हां आमच्या घरांतून आलेला हा पहिला अभिप्राय. अभिप्राय देणारी व्यक्ति आमच्या मोतीला दोन्ही वेळां स्वतःच्या हातानें दूधभात कालवून घालते, हें मीं त्या वेळीं बोलून दाखविलें नाहीं. वक्तृत्वापेक्षां गृहशांति श्रेष्ठ, हें गृहस्थाश्रमाचें पहिलें सूत्र आहे.

तथापि प्रश्न अगदींच गैरलागू नव्हता. ज्याच्या घरीं कुत्रा आहे त्याच्यापाशीं त्या कुत्र्याच्या वेडेपणाच्या दहा गोष्टी तयार असतात, आणि त्या ऐकून आपण पोट धरधरून हंसतों. मीही हंसत आलों आहें. परंतु अलीकडे मला असें दिसूं लागलें आहे कीं, या गोष्टींत वेडा कोण याचा निवाडा आपण फार घाईनें करतों. त्या निवाड्याची थोडी फेरतपासणी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

मी कांहीं प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालों, शिक्षकाची परीक्षा दिली, आणि अंबरनाथ येथील एका शाळेंत मराठी व भूगोल शिकवून निवृत्त झालों. आतां बिऱ्हाड बदलापुरास आहे. मोती आला तो उल्हासनगराहून. अशा रीतीनें तीन गांवें एका कुत्र्याच्या शेपटाला बांधलीं गेलीं आहेत.

उल्हासनगराची हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ सालीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील एक कापडाचे व्यापारी माझे जुने स्नेही. उतारवयांत ते मुलाकडे परदेशीं राहावयास निघाले, तेव्हां दोन वर्षांचा मोती त्यांनीं डोळे पुशीत माझ्या स्वाधीन केला. कुत्रा कोणत्या जातीचा, असें विचाराल तर 'गांवठी' या एका शब्दापलीकडे त्याची वंशावळ जात नाहीं. रंग तांबूस, एक कान उभा व एक पडलेला. जणूं काय एका कानानें ऐकावें आणि दुसऱ्यानें सोडून द्यावें, अशीच विधात्याची योजना.

पहिले तीन दिवस तर तो ऐकतो असेंही दिसेना. "मोती, ये" म्हटलें कीं तो मागें वळून कोणाला बोलावलें तें पाही. "बैस" म्हटलें कीं अधिकच ताठ उभा राही. शेजारच्या मंडळींनीं येऊन आपापल्या परीनें आज्ञा करून पाहिल्या. शेवटीं माझ्या नातवानें निकाल दिला, "आजोबा, हा अगदीं ढ आहे."

चौथ्या दिवशीं स्नेह्यांचा दूरध्वनि आला. मीं कुत्र्याची प्रगति कळविली. ते मोठ्यानें हंसले आणि म्हणाले, "अहो मास्तर साईं, त्याला 'अचु' म्हणा! बसवायचें तर 'वेहु' म्हणा." मीं दूरध्वनि हातांत धरूनच मोठ्यानें "अचु" म्हटलें, आणि ओसरीच्या टोकाला पडलेला मोती बाणासारखा येऊन माझ्या पायांवर आदळला. "वेहु" म्हणतांच बसला. मोती ढ नव्हता. त्याची मातृभाषा सिंधी होती. आज तो मराठीही उत्तम जाणतो. मी मात्र अजून सिंधीच्या त्या दोन शब्दांपुढें गेलों नाहीं. तेव्हां ढ कोण, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

या प्रसंगानें मला एक संवय लागली. मोतीनें कांहीं चमत्कारिक केलें कीं हंसून घ्यावें, आणि मग त्याच्या बाजूनें कांहीं म्हणणें आहे काय तें शोधावें. शिक्षकाला जुनी पुस्तकें चाळण्याची खोड असतेच, आणि हल्लीं नातवाच्या मोबाईलवर नवीं संशोधनेंही वाचावयास मिळतात.

उदाहरणार्थ, मोतीचें निजणें पाहा. खालीं गुळगुळीत फरशी, तरीही अंग टाकण्यापूर्वीं तो स्वतःभोवतीं तीन-चार प्रदक्षिणा घालतो, नखांनीं फरशी खरवडतो, आणि मग देवदर्शन आटोपल्याच्या समाधानानें धप्पकन बसतो. हा विधि चार्ल्स डार्विन यांच्याही नजरेंतून सुटला नव्हता. माणसांच्या व जनावरांच्या भावना कशा व्यक्त होतात, या विषयावर त्यांनीं १८७२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं या फिरण्याचा उल्लेख केला आहे. कुत्र्याचे रानटी पूर्वज माळरानावर निजतांना गवत तुडवून जागा करीत असले पाहिजेत, आणि तीच खोड गालिच्यावर निजणाऱ्या वंशजांत उरली, असा त्यांचा तर्क. गवत गेलें, रान गेलें, पण संवय राहिली. आपणही विजेचा दिवा लावतांना हात जोडतों, तें तरी दुसरें काय आहे?

भाकरीचा तुकडा नकोसा झाला म्हणजे मोती तो नेऊन माझ्या जोड्यांत ठेवतो, आणि नाकानें हवेंतल्या हवेंत माती लोटल्यासारखें करतो. तेथें माती नाहीं, खड्डा नाहीं, आणि जोडा रोज सकाळीं झटकला जातो. तरी तो रोज तितक्याच गंभीरपणें ही ठेव पुरतो. उरलेली शिकार पुरून ठेवणें ही त्याच्या कुळाची दूरदृष्टि. पगारांतून चार पैसे बाजूला टाकणारा गृहस्थ याहून वेगळें काय करतो?

माझ्या लहानपणीं अंबरनाथास कारखान्याचा भोंगा वाजला कीं आमच्या चाळीतलें एक कुत्रें आकाशाकडे तोंड करून सूर लावी. चाळीतलीं मंडळी म्हणत, "झाली याची हजेरी!" आतां वाचनांत आलें कीं, लांडगे दुरून एकमेकांना लांब सुरांत साद घालतात, आणि एकानें सूर धरला कीं बाकीचे त्यांत मिळतात. बिचाऱ्याला वाटे कीं, पलीकडे कोणी फार मोठा लांडगा एकटा ओरडतो आहे. त्याला उत्तर दिलें पाहिजे. हजारों माणसें तो भोंगा ऐकत आणि मुकाट्यानें कामावर जात. त्याला प्रेमानें उत्तर देणारें असें तें एकच होतें.

आतां चेंडूची गोष्ट. बदलापुरास आषाढांत घराभोंवतीं गवत कसें माजतें तें येथल्या लोकांना सांगावयास नको. नातवानें मोतीसाठीं एक सुरेख तांबडा चेंडू आणला आणि गवतांत फेंकला. मोती धांवला, आणि चेंडूपासून दोन हातांवर उभा राहून गोल गोल फिरूं लागला. चेंडू सर्वांना दिसतो. एका मोतीला दिसत नाहीं! जमलेलीं मुलें हंसून लोळूं लागलीं. शेवटीं त्यानें नाक जमिनीला लावून वासानें चेंडू काढला, तेव्हां आणखी हंशा झाला. पुढें वाचलें कीं, माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, तर कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. निळा व पिवळा हे रंग त्याला वेगळे कळतात. तांबडा व हिरवा यांतला फरक त्याला जवळजवळ कळत नाहीं. म्हणजे हिरव्या गवतांत तांबडा चेंडू टाकणें हें त्याच्या दृष्टीनें गवतांत गवत टाकण्यासारखें. दुसऱ्या दिवशीं निळा चेंडू आणला. मोतीची बुद्धि एका रात्रींत वाढली!

एका गोष्टीला मात्र आम्हीं हंसावयास नको होतें. दिवाळींत पहिला बार उडाला कीं मोती न्हाणीघरांत शिरून बादलीमागें तोंड लपवी. तोंड तेवढें आड. बाकी सारा कुत्रा उघड्यावर. "शहामृग आला, शहामृग आला" म्हणून आम्ही सारे दारांत उभे राहून पाहत असूं. एकदां मीं सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचें सगळें अंग लटलट कांपत होतें. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. कुत्र्याच्या कानाची धांव सुमारें ४५,००० पर्यंत असते. शिवाय आपल्याला दिवाळी आहे हें ठाऊक असतें. त्याला तें कोण सांगणार? त्या दिवसापासून दिवाळींत न्हाणीघराच्या दारांत कोणी उभें राहत नाहीं. मी आंत पाट टाकून बसतों, आणि आम्ही दोघे मिळून ते बार संपण्याची वाट पाहतों.

येथवर मोतीनें वेडेपणा करावा आणि आपण मागाहून शहाणें व्हावें, असा क्रम झाला. आतां सांगावयाची गोष्ट थोडी निराळी आहे.

गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशींची गोष्ट. श्रीखंडासाठीं फडक्यांत बांधून टांगलेला चक्का दुपारीं खालीं पडलेला आढळला. फडकें फाटलेलें, आणि अर्धा चक्का नाहींसा झालेला. घरांतून एकच आरोळी आली, "मोती!" आम्ही सारे धांवलों. मोती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत होता. दोन्ही कान मागें पडलेले, शेपूट पोटाखालीं, मान खालीं. डोळे वळवून तो आमच्याकडे तिरपें पाही आणि लगेच नजर काढून घेई. याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणत्या न्यायाधीशाला हवा? नातवानें ताबडतोब त्याची चित्रफीत घेतली आणि ती घराघरांत पाठविली. 'चोराच्या मनांत चांदणें' असें तिला नांवही दिलें. जगांत असल्या चित्रफिती लाखों लोक पाहतात आणि हंसतात. मीं वर्तमानपत्राची गुंडाळी करून मोतीला दोन तडाखे दिले. त्यानें ते मुकाट्यानें सोसले.

दुसऱ्या दिवशीं सणाचें जेवण झाल्यावर मोती ओसरीवर घोरत पडला होता. स्वयंपाकघरांतून पुन्हां आरोळी आली. जाऊन पाहतों तों खिडकीच्या गजांतून अर्धें अंग बाहेर काढलेलें एक करडें मांजर, आणि त्याच्या मिशांना श्रीखंड. तें शांतपणें आमच्याकडे पाहत होतें. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. आणि मोती? आरोळीनें दचकून जागा झालेला मोती दारांत येऊन उभा होता. कान मागें, शेपूट पोटाखालीं, मान खालीं. कालचाच चेहरा, आणि कालचाच कबुलीजबाब! गुन्हा घडला तेव्हां स्वारी झोपेंत होती, आणि गुन्हेगार अजून खिडकींत होता.

हंसावें कीं रडावें तें मला कळेना. मग वाचनांत एक प्रयोग आला. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक विदुषींनीं तो २००९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं १४ पाळीव कुत्रे घेतले. धन्यानें खाऊ समोर ठेवावा, 'खायचें नाहीं' अशी ताकीद द्यावी आणि खोलीबाहेर जावें. धनी बाहेर असतांना कधीं तो खाऊ कुत्र्याला देण्यांत येई, तर कधीं उचलून ठेवण्यांत येई. धनी परत आला म्हणजे त्याला कधीं खरें सांगत, कधीं खोटें. कुत्र्यानें खाल्लें असें सांगितलें तर धनी रागावे. आतां अपराधी चेहरा कोणीं केला? ज्यांनीं खाल्लें त्यांनीं नव्हे. ज्यांच्यावर धनी रागावला, त्यांनीं. त्यांतही, कांहीं न खातां ज्यांना बोलणीं बसलीं, त्यांचा चेहरा सर्वांत अधिक अपराधी दिसला!

श्रोतेहो, ज्याला आपण कबुलीजबाब म्हणतों तो कबुलीजबाब नव्हताच. ती भीति होती. तो चेहरा म्हणजे 'मीं चोरी केली' असें सांगणारा दस्तऐवज नव्हे. 'तूं रागावला आहेस, मला मारूं नकोस' अशी ती विनवणी होती. आपण त्याच्या मुखावर आपलाच राग वाचतों आणि त्याला त्याच्या गुन्ह्याचा पुरावा समजतों.

हें समजावयास आपल्याला न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचीही जरूर नव्हती. पांडवांनीं स्वर्गाची वाट धरली तेव्हां एक कुत्रा त्यांच्यामागून चालला आणि त्याला टाकून स्वर्गांत जाण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें, ही महाभारताच्या अखेरची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. परंतु महाभारताच्या आरंभींही एक कुत्रा आहे, त्याची आठवण फार थोड्यांना असते. कुरुक्षेत्रीं जनमेजय यज्ञ करीत असतां एक कुत्र्याचें पिलूं तेथें आलें. जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारून हांकून दिलें. तें रडत आपल्या आईकडे गेलें. आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. तिनें विचारलें, "तूं कांहीं अपराध केला असशील." तें म्हणालें, "मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं, त्याला तोंडही लावलें नाहीं." सरमा यज्ञमंडपांत येऊन एवढेंच विचारती झाली कीं, निरपराध्याला कां मारलेंत? सगळे राजपुत्र स्तब्ध. कोणापाशींही उत्तर नव्हतें. तेव्हां तिनें शाप दिला कीं, न दिसणारें भय तुमच्यावर येईल.

सरमेचा तो प्रश्न वाचून मीं पुस्तक मिटलें, कारण तो मला निराळ्याच ठिकाणीं लागला. तें सांगावयाचें म्हणूनच हें भाषण.

१९८६ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट. आमच्या वर्गांत पृथ्वीचा एक मोठा गोल होता, आणि त्यावर माझा फार जीव होता. एका सकाळीं वर्गांत येऊन पाहतों तों गोल फुटलेला. दोन तुकडे टेबलावर ठेवलेले. "कोणीं फोडला?" वर्ग चिडीचूप. मीं छडी उचलली आणि एकेका बांकावरून नजर फिरविली. तिसऱ्या बांकावरच्या एका मुलानें मान खालीं घातली. त्याचे कान लाल झाले. त्यानें एकदां तिरपें पाहिलें आणि नजर काढून घेतली. मुलांचे चेहरे वाचतां येतात, अशी मला त्या काळीं घमेंड होती. नव्या शिक्षकांनाही मी तसें सांगत असें. मीं त्या मुलाला पुढें बोलावून सहा छड्या मारल्या. त्यानें 'होय' म्हटलें नाहीं, 'नाहीं' म्हटलें नाहीं.

चार दिवसांनीं शाळेचा शिपाई चांचरत माझ्याकडे आला. रात्रीं वादळांत खिडकी उघडली होती. गोल खालीं पडून फुटला होता. झाडतांना त्यानें तुकडे उचलून टेबलावर ठेवले होते. "मग तूं त्याच वेळीं कां नाहीं सांगितलेंस?" मीं विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा चेहरा पाहून धीर झाला नाहीं."

मास्तरानें विद्यार्थ्याची क्षमा मागावी, ही कल्पना मला त्या वेळीं सुचली नाहीं, असें म्हणणें सोयीचें आहे; पण तें खरें नाहीं. सुचली होती, मानवली नाहीं. मीं त्या मुलाला भिंतीवरचे नकाशे आणण्याचें मानाचें काम दिलें, आणि हिशेब मिटला असें मनाशीं धरून चाललों. तो रोज नकाशे आणी, व्यवस्थित टांगी, आणि माझ्याकडे न पाहतां जागेवर जाऊन बसे. वर्ष संपलें, तो पुढच्या वर्गांत गेला. पुढें त्याचें कुटुंब गांव सोडून गेल्याचें कानावर आलें.

ज्या २००९ सालीं तो कुत्र्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याच सालीं आपल्या देशांत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत मुलांना मारण्यास मनाई केली. त्या वेळीं आम्हां जुन्या शिक्षकांपैकीं कित्येकांनीं कपाळाला आठ्या घातल्या. त्यांत मीही होतों. छडीवांचून मुलें खरें बोलणार कशीं, हा आमचा सवाल. छडी हातांत असतांना मुलें खरें बोलत होतीं, हें तरी आम्हांला कोणीं सांगितलें होतें? त्यांच्या चेहऱ्यांनीं! आणि ते चेहरे आमच्याच हातांतल्या छडीकडे पाहत होते.

तो मुलगा आतां पन्नाशीच्या आसपास असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडेल किंवा नाहीं, सांगतां येत नाहीं. पडलें तर त्यानें एवढें समजावें कीं, गोल वाऱ्यानें फुटला होता, हें मास्तरांना चौथ्या दिवशींच कळलें होतें. सांगावयाला मात्र इतकीं वर्षें लागलीं. बाळ, चूक माझी होती.

मोतीची क्षमा मागणें त्यापेक्षां सोपें गेलें. पाडव्याच्याच दिवशीं मीं त्याच्यासमोर खालीं बसून हात पुढें केला. त्यानें प्रथम माझ्या दुसऱ्या हातांत वर्तमानपत्र आहे काय तें पाहिलें. नाहीं अशी खात्री झाल्यावर सारा हात चाटून काढला, आणि मांजरानें शिल्लक ठेवलेलें श्रीखंड आपल्याला मिळतें काय, याची चौकशी आरंभिली. त्यालाही आमच्या घरांत लोक वेडेपणा म्हणाले.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या कुत्र्याला अवश्य हंसा. तो प्रदक्षिणा घालील, जोड्यांत भाकरी पुरील, गवतांत चेंडू हरवील. हंसण्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. उलट आपल्याला हंसतांना पाहून तोही शेपूट हालवितो. पण कधीं काळीं तो मान खालीं घालून अपराध्यासारखा समोर उभा राहिला, तर त्याचा चेहरा वाचण्याआधीं दोन ठिकाणीं नजर टाकावी. एक, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आणि दुसरी, जवळ आरसा असेल तर त्यांत. आणि समोर कुत्र्याऐवजीं एखादें मूल उभें असलें, तर आरशांत आधीं पाहावें.